होडीच्या मोटारीचे चाक कसे उतरवावे?

वारा पडला की शिडाची होडी थांबते. मोटारीच्या होडीला वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. पण मोटारच थांबली तर? तर होडी ओहोटीबरोबर जाईल तिकडे जाते. म्हणून मोटार आतून कशी आहे, हे होडीवाल्याने जाणून घेतले पाहिजे.

पालघर जिल्ह्याला लांब किनारा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. सातपाटी, मुरबे, नवापूर, तारापूर, चिंचणी, डहाणू ही किनाऱ्यावरची गावे सर्वांना माहीत आहेत. इथल्या मोठ्या बोटींना आत बसवलेले डिझेलचे इंजिन असते. लहान होडीचे तसे नाही. तिच्या मागच्या फळीवर अडकवायची मोटार लावतात. तिला आउटबोर्ड मोटार म्हणतात. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या बाहेर असलेली. खाडीत जाळे टाकायला, मोठ्या बोटीवरून माणसे-माल आणायला ही मोटार फार उपयोगी पडते.

ही मोटार काही आजची नाही. अमेरिकेत ओले एव्हिनरूड नावाचा एक कारागीर होता. त्याने १९०९ साली अशा मोटारी विकायला सुरुवात केली. तेव्हापासून मोटारीत पुष्कळ सुधारणा झाल्या. पण डोक्यावरचे जड चाक आहे तिथेच आहे. ह्या चाकाला फ्लायव्हील म्हणतात. आपले मिस्त्री त्याला नुसते ‘मॅग्नेट’ही म्हणतात. हे चाक कसे उतरवावे आणि परत कसे बसवावे, ते आम्ही ह्या पाठात सांगणार आहोत.

चाकाचे काम काय?

चाकाची कामे दोन. पहिले काम चाल सारखी ठेवण्याचे. इंजिनात पेट्रोलचा भडका उडतो तेव्हाच जोर मिळतो. दोन भडक्यांच्या मधे जोर नसतो. जड चाक एकदा फिरू लागले की आपल्या वजनाने फिरतच राहते. त्यामुळे इंजिन मधेच अडखळत नाही. जात्याला एकदा गती दिली की वरची तळी फिरत राहते, तसेच हे.

दुसरे काम ठिणगी देण्याचे. चाकाच्या आतल्या कडेला लोहचुंबक बसवलेले असतात. चाकाखाली तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिला कॉइल म्हणतात. चुंबक कॉइलजवळून झपाट्याने गेला की तारेत वीज तयार होते. ती वीज प्लगपर्यंत जाते आणि तिथे ठिणगी पडते. मायकेल फॅरेडे ह्या शास्त्रज्ञाने १८३१ साली हे तत्त्व शोधून काढले. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. तिथे वाफेच्या जोरावर भलेमोठे चुंबक तारांच्या गुंडाळ्यांमधे फिरते आणि वीज होते. तेच तत्त्व तुमच्या होडीच्या मोटारीत आहे. फरक फक्त आकाराचा!

आता कळले ना, चाक का काढावे लागते? ठिणगी देणारे सामान चाकाच्या पोटाखाली असते. ते बिघडले तर चाक उचलल्याशिवाय हात पोचत नाही.

आधी हे तपासा

ठिणगी नाही म्हणून लगेच चाकाला हात घालू नका. पुष्कळ वेळा दोष बाहेरच असतो. सगळी मोटार उघडल्यावर तो सापडतो, आणि मग दिवस फुकट गेला असे वाटते. म्हणून आधी चार गोष्टी पाहा.

एक : टाकीत पेट्रोल आहे का? त्यात पाणी तर गेले नाही ना?

दोन : मोटार बंद करण्याचे बटण आणि त्याची दोरी जागेवर आहे का? दोरीची चिमटी निघालेली असेल तर ठिणगी पडतच नाही. बटणात खारे पाणी जाऊन ते आतून चिकटले, तरी तसेच होते.

तीन : वायरीची टोके हिरवी पडली आहेत का? ती घासून साफ करा. खारी हवा तांब्याला खाते.

चार : प्लग नवा लावून पाहिला का? जुना प्लग काळा, ओला झालेला असतो. दहातले काही आजार तिथेच बरे होतात.

आणखी एक गोष्ट. नव्या तऱ्हेच्या मोटारीत ठिणगीचे काम इलेक्ट्रॉनिक डबी करते. तिच्या कॉइलच्या वायरी बाहेर येतात. मिस्त्री मीटर लावून त्या वायरींवरूनच कॉइल तपासतो. चाक काढावे लागत नाही. कॉइल खराब आहे हे ठरले, तरच चाक काढायचे. जुन्या तऱ्हेच्या मोटारीत मात्र चाकाखाली पॉइंट असतात. ते साफ करायला चाक काढावेच लागते.

पंखा खडकावर किंवा ओंडक्यावर जोराने आपटला आणि त्यानंतर मोटार सुरूच होईना, किंवा सुरू करताना दोरी उलटा हिसका देऊ लागली, तर चाकाखालची चावी कापली गेली असेल असे समजा. तेव्हाही चाक उचलून पाहिले पाहिजे.

चाक इतके घट्ट का बसते?

नुसता नट काढला की चाक हातात यायला हवे, असे वाटते. पण ते येत नाही. दोघे मिळून ओढले तरी येत नाही. असे का?

घरात स्टीलचे दोन पेले एकात एक अडकतात. ओढून निघत नाहीत. ते पेले तोंडाशी रुंद आणि बुडाशी अरुंद असतात. म्हणून एकमेकांत रुतून बसतात. मोटारीच्या दांड्याचे वरचे टोक असेच निमुळते असते. चाकाचे भोकही तसेच निमुळते असते. वरून नट आवळला की चाक दांड्यावर रुतते. मग दोघे जणू एकच होतात. सगळा जोर ही पकड सांभाळते.

दांडा आणि चाक यांच्यामधे एक लहानशी लोखंडी चावी असते. ती बहुधा अर्ध्या चंद्राच्या आकाराची असते. पुष्कळांना वाटते की चाक चावीमुळे फिरते. तसे नाही. चावी फक्त चाकाची जागा नेमकी ठेवते. ठिणगी वेळेवर पडावी म्हणून चाक दांड्यावर नेमक्या जागी असावे लागते. पकड सैल असली तर सगळा जोर चावीवर येतो आणि ती लहानशी चावी कापली जाते.

म्हणजे आपले काम काय? रुतलेली पकड सोडवायची. ओढाताणीने ती सुटत नाही. नेमक्या जागी दाब आणि एक नेमका ठोका, ह्याने ती सुटते.

कोणती हत्यारे लागतील?

कंपनीचे खास हत्यार असते. त्याला पुलर म्हणतात. ते सगळ्यांकडे नसते. पण त्याचे काम करणारी साधी पट्टी गावाजवळच करून घेता येते. बोईसरला औद्योगिक वसाहतीच्या आसपास लेथची आणि वेल्डिंगची दुकाने आहेत. तिथे हे काम होते.

चाकाच्या मधल्या भागात पाहा. नटाभोवती बहुधा तीन भोके असतात. त्यांत आटे असतात. ही भोके पुलरसाठीच ठेवलेली आहेत. चाकावर एक कागद ठेवा. तेलकट बोट कागदावरून फिरवा. भोकांचे आणि नटाचे ठसे उमटतील. तो कागद लेथवाल्याकडे न्या. त्याला सांगा :

“दादा, बारा मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी घ्या. ह्या तीन ठशांवर बोल्ट जातील अशी भोके पाडा. बरोबर मधे सोळा मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे पाडा. त्या मधल्या बोल्टाचं टोक जरा निमुळतं करा.”

झाला तुमचा पुलर! मोटारीच्या नटापेक्षा मधले टोक लहान असावे. बोल्ट साधे घेऊ नका. डोक्यावर इंग्रजी आकड्यांत ८.८ छापलेले बोल्ट मागा. ते जास्त मजबूत असतात. चाकाच्या भोकातले आटे कोणत्या मापाचे आहेत, ते आधी बोल्ट हाताने फिरवून पाहा. जुन्या अमेरिकी मोटारीत इंची माप असते. जपानी मोटारीत मिलिमीटरचे माप असते. बोल्ट बोटांनी सहज फिरला तरच तो बरोबर. पाना लावून बळेच घुसवला तर चाकाचे आटे जातात.

बाकीचे सामान असे : नटाच्या मापाची गोटी आणि तिचा लांब दांडा, एक हातोडी, पितळेचा एक तुकडा, गंज सोडवणारे तेल, जाड कापडी पट्टा, स्वच्छ फडके आणि एक ताट. ताट कशाला? सुटे नट, वायसर आणि चावी ठेवायला. वाळूत पडलेली चावी पुन्हा सापडत नाही.

तयारी

हे काम होडीत करू नका. समुद्रावर तर मुळीच करू नका. मोटार घरी आणा. मजबूत लाकडी घोडीवर अडकवा आणि दोराने बांधा. जागा उजेडाची आणि मोकळ्या हवेची असावी. आसपास विडी नको, चूल नको. पेट्रोलची वाफ दिसत नाही, पण ती पेट घेते.

पेट्रोलची नळी काढा. बॅटरी असेल तर तिची वायर काढा. प्लगच्या टोप्या काढा आणि प्लगही काढून घ्या. आता मोटार चुकून सुरू होणार नाही, आणि चाकही हलके फिरेल. प्लगच्या भोकात स्वच्छ फडके घाला, म्हणजे आत काही पडणार नाही.

मोबाईल असेल तर प्रत्येक पायरीला फोटो काढून ठेवा. कोणती वायर कुठून गेली, ते परत जोडताना आठवत नाही.

आता वरचा टोप काढा. लहान मोटारीत चाकाच्या वर दोरी ओढून सुरू करण्याचे यंत्र असते. त्याचे दोन-तीन बोल्ट काढा आणि ते आहे तसे उचलून बाजूला ठेवा. त्याच्या आत जोराची स्प्रिंग असते. ते यंत्र उघडू नका. स्प्रिंग उसळली तर तोंडाला, डोळ्याला लागते.

नट सोडवणे

नट फिरवायला गेले की चाकही फिरते. म्हणून चाक धरून ठेवले पाहिजे. त्यासाठी कापडी पट्ट्याची युक्ती चांगली. हातभर लांबीचा मजबूत दांडा घ्या. त्याच्या टोकाला पट्टा पक्का बांधा. पट्टा चाकाच्या गुळगुळीत कडेभोवती गुंडाळा. चाक तेलकट असेल तर आधी पुसा. नट फिरवताना पट्टा आणखी आवळला जाईल, अशा दिशेने तो गुंडाळा. एकाने दांडा धरावा, दुसऱ्याने पाना फिरवावा. हे काम दोघांचे आहे.

नट बहुतेक मोटारींत डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवला की सुटतो. आधी गंजाचे तेल टाका आणि घटकाभर थांबा. सावकाश जोर देऊन नट सुटत नसेल तर पान्याच्या दांड्यावर हातोडीचा एक झटका द्या. झटक्याने नट सुटतो. टायरच्या दुकानात हवेवर चालणारा पाना असतो. तो असेल तर काम आणखी सोपे होते.

नट सुटला तरी पूर्ण काढू नका! तो दांड्याच्या टोकाला येईल इतकाच वर आणा. नट तिथे असला की दोन फायदे होतात. दांड्याच्या आट्यांना ठोका लागत नाही. आणि चाक एकदम सुटले तरी उडून अंगावर येत नाही.

चाक उचलणे

आता तुमची पट्टी घ्या. तिन्ही बोल्ट चाकाच्या भोकांत हाताने बसवा. तिन्ही सारखे आत गेले पाहिजेत. एक खोल आणि एक वर असे झाले तर पट्टी तिरकी होते आणि आटे तुटतात. बोल्ट आत किती जावेत? निदान बोल्टाच्या जाडीइतके तरी. पण फार खोल नकोत. चाकाच्या खालून बाहेर आले तर ते कॉइलला टोचतात. आधी भोकात काडी घालून खोली मोजा.

मधला बोल्ट दांड्याच्या टोकावर टेकवा. मधे पितळेचा लहान तुकडा ठेवा, म्हणजे टोक खराब होणार नाही. मग पाना लावून बोल्ट हळूहळू आवळा. बोल्ट दांड्याला खाली दाबतो, आणि पट्टी चाकाला वर ओढते. दोन्ही जोर एकाच रेषेत असतात. म्हणून काही वाकत नाही.

बोल्ट चांगला ताठ झाला की थांबा. हातोडीने त्याच्या डोक्यावर एक टणक ठोका द्या. पुन्हा थोडा आवळा. पुन्हा एक ठोका. तरीही सुटत नाही? तसाच ताण ठेवून गंजाचे तेल टाका आणि जेवून या. घाई केली की तुटते, वाट पाहिली की सुटते. उकळत्या पाण्यात भिजवलेले फडके पिळून चाकाच्या मधल्या भागावर ठेवले तरी मदत होते. गरमीने चाकाचे भोक जरासे मोठे होते.

मग एकदम “टक्” असा आवाज येतो. चाक सुटले! आता पट्टी काढा, नट काढा आणि चाक सरळ वर उचला. चुंबकाची ओढ लागते, ती लक्षात ठेवा. बोटे चाकाखाली घालू नका. चाक लाकडाच्या स्वच्छ फळीवर उलटे ठेवा. चावी खाली पडली का पाहा आणि ताटात ठेवा.

पुलर नाही, भोकेही नाहीत, तर?

काही जुन्या लहान मोटारींच्या चाकाला भोकेच नसतात. तिथे जुने मिस्त्री ठोक्याची युक्ती करतात. नट दांड्याच्या टोकाशी ठेवतात. एक जण चाक दोन्ही हातांनी वर ओढून धरतो. दुसरा जण नटावर पितळेचा जाड तुकडा ठेवतो आणि हातोडीचा एकच सरळ ठोका देतो. ठोका टणक पाहिजे, पण तो अगदी सरळ पाहिजे. दोन-चार ठोक्यांत सुटले तर ठीक.

सुटले नाही तर तिथेच थांबा. ठोका इंजिनाच्या दांड्यातून खाली बेअरिंगपर्यंत जातो. दोन सिलिंडरच्या मोटारीत हा दांडा बहुधा तुकडे दाबून जोडलेला असतो. जोराच्या ठोक्याने तो जागचा हलतो. मग इंजिन थरथरते आणि थोड्याच दिवसांत बसते. म्हणून दोन सिलिंडरच्या मोटारीवर ही युक्ती करू नका. पट्टी करून घेण्याचा खर्च इंजिनाच्या दांड्यापेक्षा पुष्कळ कमी असतो.

हे कधीच करू नका

चाकाच्या बाहेरच्या कडेला तीन पायांचा पुलर लावू नका. कड वाकते, चाकाला तडा जातो, चुंबक निसटतात. तडा गेलेले चाक पुन्हा वापरायचे नसते. मोटार जोरात चालते तेव्हा चाक मिनिटाला पाच हजार वेळा फिरते. अशा वेळी ते फुटले तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात.

चाकाखाली एकाच बाजूने कटावणी घालून उचकटू नका. खालच्या कॉइलचा चुरा होतो.

दातांमधे पेचकस अडकवून चाक धरू नका. दात तुटतात, पेचकस उडतो.

मोटार गिअरमधे टाकून पंखा धरून ठेवू नका. जोर गिअरच्या दातांवर येतो.

प्लगच्या भोकातून दोरी घालून इंजिन अडवण्याची युक्ती काही जण करतात. आपल्या बऱ्याच मोटारी दोन धक्क्यांच्या असतात. त्यांच्या सिलिंडरला बाजूने खिडक्या असतात. दोरी खिडकीत अडकली तर ती कापली जाते, आणि तुकडा आतच राहतो. ती युक्ती नको.

गॅसची बत्ती किंवा जळता बोळा लावू नका. पेट्रोल पेटते. शिवाय फार तापवले की चुंबकाचा जोर जातो.

आत काय पाहावे?

पॉइंट असतील तर ते काळे पडले आहेत का पाहा. बारीक कागदाने हलके घासा आणि कोरड्या स्वच्छ कागदाने पुसा. त्यांच्यामधली फट फार बारीक असते. साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. नेमके माप मोटारीच्या पुस्तकात असते. कॉइलवर तडे असतील, वायरीचे रबर सुटले असेल, तर मिस्त्रीला दाखवा. चाकाखाली तेलाचा ओलावा दिसला तर दांड्याचे वरचे सील गेले आहे असे समजा.

चावी नीट पाहा. तिच्यावर पायरीसारखी खूण पडली असेल तर ती बदला. अशा चावीने चाक किंचित सरकते, ठिणगी अवेळी पडते, आणि मोटार सुरू होत नाही. चावीच्या जागी खिळा ठोकू नका. मोटारीच्या कंपनीचीच चावी आणा. ती स्वस्त असते.

चाक परत बसवणे

काढण्यापेक्षा बसवणे जास्त महत्त्वाचे आहे. सैल बसलेले चाक भर समुद्रात चावी कापते, दांडा खाते आणि मोटार कायमची बसवते.

आधी चाकाचे पोट पाहा. चुंबकाला लोखंडाचा कीस, वायसर, बारीक स्क्रू चिकटलेला असतो. तो तसाच राहिला तर कॉइल फाडतो. सगळे स्वच्छ पुसा.

मग दांड्याचे निमुळते टोक आणि चाकाचे भोक कोरड्या फडक्याने पुसा. तिथे तेल, ग्रीस काही लावू नका. पकड कोरडीच पाहिजे. चावी तिच्या खाचेत बसवा. चाकाची खाच चावीवर धरून चाक सरळ खाली सोडा. हाताने फिरवून पाहा. चावी हलली नाही ना?

आता नट. तो किती आवळायचा? “जोर लावून” हे उत्तर पुरत नाही. मोटारीच्या पुस्तकात आकडा असतो. तो आकडा मोजून आवळण्याचा पाना मिळतो. तो नसेल तर मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा घ्या. काट्याचा हुक पान्याच्या दांड्यात अडकवा आणि दांड्याशी काटकोनात ओढा. हिशेब असा :

समजा पुस्तकात १० किलोग्रॅम-मीटर लिहिले आहे. नटाच्या मध्यापासून हुकापर्यंत अंतर १ मीटर असेल, तर काट्यावर १० किलो दिसेपर्यंत ओढायचे. अंतर अर्धा मीटर असेल, तर २० किलो दिसेपर्यंत ओढायचे. दांडा आखूड झाला की जोर वाढवावा लागतो. पुस्तकात न्यूटन-मीटर लिहिले असेल तर ढोबळ मानाने १० ने भागा. १०० न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे १० किलोग्रॅम-मीटर. हे आकडे फक्त समजण्यासाठी दिले आहेत. तुमच्या मोटारीचा खरा आकडा तिच्या पुस्तकातूनच घ्या, किंवा विक्रेत्याला विचारून लिहून आणा.

नट आवळल्यावर चाक हाताने दोन-चार वेळा फिरवा. घासल्याचा आवाज येता कामा नये. मग प्लग, टोप्या, नळी, दोरीचे यंत्र आणि टोप बसवा. टोप न लावता मोटार चालवू नका. चालवून पाहायची तर मोटारीचा पाय पाण्याच्या पिंपात बुडवा. पाण्यावाचून चालवली तर पाण्याचा पंप जळतो. पहिली फेरी किनाऱ्याजवळच मारा.

समुद्रावर मोटार बंद पडली तर

तिथे चाकाला हात लावायचा नाही. आधी नांगर टाका. होडी वाहून जाऊ देऊ नका. मग पेट्रोल, बटणाची दोरी आणि प्लग, एवढेच पाहा. एक नवा प्लग आणि त्याचा पाना नेहमी जवळ ठेवा. वल्ही आणि जीवरक्षक जाकिटे होडीत असलीच पाहिजेत. मदत लागली तर तटरक्षक दलाचा १५५४ हा फोन क्रमांक लावा. तो पाठ करा, आणि होडीत रंगाने लिहूनही ठेवा.

एक वही ठेवा

पूर्वी ‘मिस्त्री सांगेल ते’ असे चाले. आता आपल्याला वाचता येते, लिहिता येते. मग त्याचा उपयोग करू या. मोटारीची एक वही ठेवा. पहिल्या पानावर मोटारीचा क्रमांक लिहा. खाली तीन मापे लिहा : चाकाच्या भोकांतले आटे किती मिलिमीटरचे, नट कोणत्या गोटीचा, आणि नट किती आवळायचा. प्लग केव्हा बदलला, चाक केव्हा काढले, त्याची तारीख लिहा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा ही वही उघडा आणि मोटार तपासून घ्या. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात लोटाल, तेव्हा मन निर्धास्त राहील.

लेथवाल्याकडून करून घेतलेली पट्टी एकट्याच्या घरात ठेवू नका. आळीत चार मोटारी एकाच जातीच्या असतील, तर एक पट्टी चौघांना पुरते. खर्च वाटून घ्या. पट्टीवर कोणत्या मोटारीची आहे ते रंगाने लिहा. शेजाऱ्याची मोटार चालू राहिली तर अडल्या वेळी तोच आपल्याला ओढून आणतो.

आठवून सांगा

१. ठिणगी नसेल तर चाक काढण्याआधी कोणत्या चार गोष्टी पाहाल?

२. नट पूर्ण का काढायचा नाही?

३. दांड्याच्या निमुळत्या टोकाला तेल का लावायचे नाही?

४. पुस्तकात ८ किलोग्रॅम-मीटर लिहिले आहे. हुकापर्यंतचे अंतर अर्धा मीटर आहे. काट्यावर किती किलो दिसले पाहिजेत?